मांजराच्या नखाने संधिवात पळतो म्हणे!

आडकित्ता: कालच्या पोस्टीत कुणीतरी लिहिलंय की पेरू देशातली 'उन्या दे गातो' (म्हणजे 'मांजराचं नख') ही काटेरी वेल संधिवात मुळासकट घालवते आणि डॉक्टर ते दडवतात. दडवलं कुठे? २००१ साली ४५ जणांच्या गुडघ्यांवरची चाचणी छापून आली आहे. हालचालीतलं दुखणं आठवड्याभरात कमी झालं. बसल्या जागी, रात्री दुखायचं त्यात विशेष फरक नाही. तीही चार आठवड्यांची चाचणी. यात 'मुळासकट' कुठून आलं?

सुलभा_ठाणे: माझ्या जाऊबाईंना भाचा अमेरिकेहून बाटल्या आणतो. जिना चढतात आता. तुमचे ४५ जण मी पाहिलेले नाहीत, जाऊबाई रोज दिसतात.

आडकित्ता: ताई, डॉक्टरच्या गोळ्याही चालू असतील ना?

सुलभा_ठाणे: आहेत. मग?

भोचक भवानी: मग हेच. ऑस्ट्रियातल्या आमवाताच्या चाचणीतही ४० जणांची नेहमीची औषधं चालूच होती, वेल जोडीला. २४ आठवड्यांत दुखऱ्या सांध्यांत ५३ टक्के घट, खोट्या गोळीवाल्यांत २४. बरं आहे, पण माणसं चाळीसच. शिवाय या वेलीच्या जाती दोन: तिथे टोमेंटोसा, गुडघ्यांना गुयानेन्सिस. बाटलीत कुठली आहे?

कोकणातला नाना: ते राहू द्या. पेरूतले अशानिंका आदिवासी पिढ्यानपिढ्या ही साल उकळून पितात, अमेरिकी पेटंट मात्र ऑस्ट्रियाच्या केप्लिंगरला! हळदीचंही तेच होणार होतं, माशेलकर लढले म्हणून वाचलो.

आडकित्ता: आली हळद! १९९५ ला पेटंट, १९९७ ला रद्द. विषय संपला.

कोकणातला नाना: तुमचा संपला. आपल्याकडे दाखवायला ग्रंथ होते. ज्यांचं ज्ञान तोंडी, त्यांनी कोणता कागद न्यायचा?

भोचक भवानी: नाना, केप्लिंगरचं पेटंट वेलीच्या मुळांतून काढलेल्या अल्कलॉइडांवर, म्हणजे त्यातल्या औषधी रसायनांवर होतं. साल उकळायला कुणी बंदी केली नव्हती.

कोकणातला नाना: वा! घर आमचं, फक्त किल्ली त्यांची. कंपनीत नोकरीला आहात का?

भोचक भवानी: सरकारी दवाखान्यात आहे. औषधं बंद करून काढे पिणारे, बोटं वाकडी झाल्यावर आमच्याकडेच येतात. तुम्ही येता का समजवायला?

कोकणातला नाना: बंद करा असं मी म्हटलेलं नाही. बाकी अल्कलॉइडांचं असेल तसं. अशानिंकांच्या हाती काय लागलं ते सांगा.

आडकित्ता: तो प्रश्न रास्त आहे, वेगळा धागा काढा. सुलभाताई, जाऊबाईंना रक्त पातळ करायची गोळी आहे का? या वेलीने रक्तस्राव वाढू शकतो.

सुलभा_ठाणे: आहे. डॉक्टरांना विचारते. तुम्ही म्हणता म्हणून नव्हे हं.