बोस्टनचा बर्फ न वितळता मुंबईपर्यंत पोचायचा कसा?

खारा_वारा
1833 मध्ये 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून बर्फ भरून कलकत्त्याला आलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकन बर्फ उतरला, असं वाचलं. मे महिन्यात निघताना 180 टन, सप्टेंबरात पोचल्यावर सुमारे 100 टन. वाटेत आफ्रिकेला वळसा, विषुववृत्त दोनदा पार. आपल्याकडे लादी गोणपाटात गुंडाळून ठेवली तरी संध्याकाळी ओलं गोणपाटच हाती लागतं. मग यांच्या बर्फाभोवतीच्या लाकडाच्या भुशात असं काय होतं? तळ्यातून एवढा बर्फ कापायचे कसा? आणि हे परवडायचं कसं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

उष्णांक
श्रेय सगळं भुशाला मिळतं, पण निम्मं काम ढिगाच्या आकाराचं. हिशोब करून बघा. 180 टन बर्फाचा एक ठोकळा केला तर त्याची बाजू साधारण 5.8 मीटर. 100 टन उरले म्हणजे बाजू झाली 4.8. चार महिन्यांत प्रत्येक अंगाने अर्धा मीटर गेला, दिवसाला जेमतेम 4 मिलिमीटर. आता तीच झीज एक टनाच्या ठोकळ्याला लावा. त्याची बाजूच एक मीटरची! दोन्हीकडून अर्धा अर्धा मीटर गेला की खेळ खलास. जहाजाचं पोट काही चौकोनी डबा नसतं, पण अंदाजाला एवढं पुरे.

त्यात बर्फ मुळातच वितळायला चिवट. एक किलो बर्फाचं शून्य अंशाचं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी पुढे 80 अंशांपर्यंत तापतं.

भुसा काम करतो तो त्यात अडकलेल्या हवेमुळे, म्हणजे कोरडा असेपर्यंतच. गोणपाटाचं हेच होतं: भिजलं की ते उष्णता आत पोचवायला लागतं. म्हणून जहाजाच्या पोटात लाकडी तक्त्यांचं दुहेरी अस्तर, मधल्या पोकळीत भुसा किंवा कातडी कमावायच्या सालीचा चुरा, आणि तळाशी पाण्याला वाट. साचलेलं पाणी पंपाने उपसत राहायचं. त्यात हयगय झाली तर पाणी खालचे थर खातं, भुसा भिजतो आणि थर खचले की वरचं वजन कलंडतं. भर समुद्रात शेकडो टन एका अंगाला सरकणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

तळ्याकाठचा
कापण्याबद्दल. मुख्य जागा म्हणजे बोस्टनजवळच्या केंब्रिजमधलं फ्रेश पाँड. 1846-47 च्या हिवाळ्यात वॉल्डन तळ्यावरही कापणी झाली, आणि काठावर राहणाऱ्या थोरो या लेखकाने ती बघून लिहून ठेवली.

आधी घोड्यांनी ओढायच्या फावड्यांनी बर्फावरचं हिम ओढून काढायचं. हिमाचं पांघरूण राहिलं तर थंडी खाली उतरत नाही आणि बर्फ जाड होत नाही. मग वरचा पांढरट, सच्छिद्र थर रंध्याने तासायचा. तो लवकर वितळतो. खालचा काचेसारखा निळसर बर्फ तोच माल. तो कमीत कमी फूटभर जाड हवा, लांबच्या प्रवासाला त्याहून जाड.

पुढची कल्पना याच धंद्यातल्या नॅथॅनियल वाइथची, 1825 च्या सुमाराची: घोड्याने ओढायचा दातेरी नांगर. शेजारी एक मार्गदर्शक पट्टी. ती आधीच्या चरात बसते, त्यामुळे पुढचा चर आपोआप समांतर पडतो. आडवे-उभे चर पाडले की बुद्धिबळाच्या पटासारखी आखणी होते. चर आरपार नाही, साधारण दोन तृतीयांश खोल. नाहीतर घोडा उभा कुठे राहणार? उरलेलं पहारीने फोडायचं, पट्टे मोकळ्या पाण्यातून बांबूसारख्या लांब काठ्यांनी काठाकडे ढकलायचे. 22 इंच चौरस आणि फूटभर जाड लादी भरते साधारण 86 किलो. चरात पाणी शिरून पुन्हा गोठलं तर दिवसभराची मेहनत वाया, म्हणून चर बुजवून ठेवायचे.

सारख्या मापाचा खरा फायदा रचताना कळतो. कडा कडेला भिडते, मध्ये हवा खेळत नाही. कुऱ्हाडीने तोडलेल्या वेड्यावाकड्या तुकड्यांना ते साधत नाही.

वाइथ पुढे पश्चिमेकडे गेला आणि 1834 मध्ये आजच्या आयडाहोत फोर्ट हॉल हे व्यापारी ठाणं त्यानेच उभारलं. बर्फवाल्याची ही बाजू फारशी कुणी सांगत नाही.

जमाखर्च
परवडायचं, कारण यातलं बहुतेक फुकट होतं. तळ्याचं पाणी फुकट. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लाकूड गिरण्यांना भुशाची अडचणच व्हायची. आणि बोस्टनहून इकडे येणाऱ्या जहाजांना येताना माल कमी; परतताना मात्र नीळ, कातडी, सोरा. रिकामं जहाज नेण्याऐवजी नीरम (जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरायचं वजन) म्हणून बर्फ भरला, तर भाडं अगदी कमी.

हा धंदा उभा करणारा फ्रेडरिक ट्यूडर 1806 मध्ये मार्टिनिक बेटावर बर्फ घेऊन गेला होता. बर्फ पोचला, पण बेटावर साठवायला कोठारच नव्हतं. जहाजावरूनच विकत बसला आणि चार हजार डॉलरांच्या आसपास बुडाले. पुढे कर्जापायी तुरुंगातही गेला. धडा असा की आधी कोठार, मग जहाज. कलकत्त्यात तिथल्या इंग्रजांनी वर्गणी काढून कोठार बांधलं आणि सरकारने जकात माफ केली.

फोर्टातला
मुंबईचं बर्फाचं कोठार फोर्टात, सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी होतं. आता मागमूस नाही. मद्रासचं 1842 चं कोठार मात्र उभं आहे. 1897 मध्ये विवेकानंद तिथे उतरले होते, म्हणून आज ते विवेकानंदर इल्लम; पण परिसराला लोक अजून आइस हाउसच म्हणतात.

मुंबईतल्या पहिल्या आइस्क्रीमच्या मेजवानीचा किस्सा तर सांगायलाच हवा. जमशेटजी जीजीभॉय (तेव्हा अजून 'सर' नव्हते) यांनी ते पाहुण्यांना खाऊ घातलं, सर्दी झाली, आणि 'मुंबई समाचार' या वर्तमानपत्राने बरी खोड मोडली अशा थाटात बातमी दिली. जहाज उशिरा आलं की शहरात बर्फाचा दुष्काळ. मग डॉक्टरची चिठ्ठी असेल त्यालाच बर्फ. 1878 मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनीने वाफेच्या यंत्रावर बर्फ करायला घेतला, आणि बोस्टनच्या लादीचे दिवस भरले.

खारा_वारा
सगळ्यांचे आभार. एकच शंका: बर्फ फुटून घोडा पाण्यात पडला तर?

तळ्याकाठचा
पडायचे, नेहमीच. म्हणून प्रत्येक घोड्याच्या गळ्यात एक दोरी बांधलेली असायची. घोडा पडला की ती आवळायची. क्रूर वाटेल, पण श्वास कोंडला की तो लाथा झाडायचं थांबवतो, छातीत हवा अडकून तरंगतो, आणि मग फळ्या टाकून बाजूने ओढून काढता येतो. बाहेर येताच दोरी सैल करायची, घोंगडी टाकायची आणि गोठेपर्यंत वाट न बघता त्याला पळवायचं.