अमेरिकेच्या मध्यभागात गावठाण का दिसत नाही
आयोवा-कॅन्ससकडे शेतात एकेकटी घरं का, आपल्यासारखं गावठाण का नाही, असा प्रश्न पडतो. हवामानामुळे, हे उत्तर मला अर्धवट वाटतं. मुख्य कारण जमीनमोजणी आणि कायदा. १७८५ च्या अध्यादेशाने ६ मैल बाय ६ मैलांच्या टाउनशिप, म्हणजे जमिनीचे चौकोनी गट, आखल्या. प्रत्येकीत ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा. सोळाव्या क्रमांकाचा सेक्शन शाळेसाठी राखीव. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाव सेक्शन, म्हणजे १६० एकर, जवळजवळ फुकट मिळू लागले. अट अशी की ५ वर्षं त्याच जमिनीवर राहून ती कसायची. मग घर शेतातच बांधणार, दुसरं काय!

१०० अंश पश्चिम रेखांशापलीकडे पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या खाली जातो. तिथे १६० एकरांत भागेना, म्हणून १९०९ मध्ये काही राज्यांत ही मर्यादा ३२० एकर केली. वस्ती आणखीच पांगली.

नकाशात सेक्शनच्या हद्दीवरून नाकासमोर जाणारा रस्ता मध्येच काटकोनात सरकलेला दिसला, तर ती चूक नव्हे. रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येत जातात, त्यामुळे साधारण दर २४ मैलांवर आखणी नव्याने सुरू करावी लागते.

युटा राज्यातल्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी मात्र घरं एकत्र गावात बांधली आणि शेतं बाहेर ठेवली.