पार्सरने चूक दाखवताना ओळ आणि कॉलम कसे मोजावेत?

घोडबंदरकर (ठाणे)

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल खर्चाच्या आकारणीसाठी मी एक लहानशी सूत्रभाषा लिहीत आहे. हिशेब पाहणाऱ्या काकांना सूत्रे स्वतः बदलता यावीत, म्हणून चलांची नावे मराठीत ठेवण्याची मुभा दिली आहे. लेक्सर (मजकुराचे टोकन, म्हणजे शब्द-चिन्हांचे तुकडे, पाडणारा भाग) प्रत्येक बाइटमागे कॉलम एकाने वाढवतो आणि नवी ओळ आली की ओळीचा आकडा वाढवून कॉलम पुन्हा १ करतो. यात दोन अडचणी आहेत. एखादा पर्याय जुळला नाही म्हणून पार्सर (त्या टोकनांची रचना ओळखणारा भाग) मागे येतो, तेव्हा हे आकडे मात्र मागे येत नाहीत, त्यामुळे १२ व्या ओळीतील चूक कधी कधी १४ व्या ओळीत दाखवली जाते. शिवाय पुढील ओळीत अर्धविरामाशी चूक असताना कॉलम ३० येतो आणि खुणेचा बाण ओळीच्या पलीकडे रिकाम्या जागेत पडतो:

नाव = "ठाणे" + ;

प्रत्येक टोकनमध्ये सुरुवातीची व शेवटची ओळ आणि कॉलम असे चार आकडे साठवावेत का?

ऐरोलीकर

असे चार आकडे बायसनच्या (व्याकरणावरून पार्सर तयार करून देणाऱ्या साधनाच्या) ठरलेल्या रचनेत असतातच. पण हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये ते बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. टोकनमध्ये मजकुराच्या आरंभापासूनचा बाइट ऑफसेट (कितवा बाइट तो आकडा) आणि टोकनची लांबी एवढेच ठेवावे. मग मागे येताना फक्त ऑफसेट पूर्ववत करावा लागतो आणि ओळींचा घोळ उरतच नाही. फाइल वाचतानाच प्रत्येक ओळ कोणत्या ऑफसेटपासून सुरू होते याची यादी करून ठेवावी आणि चूक दाखवण्याची वेळ आली की तीत बायनरी सर्च करून (दर वेळी यादी निम्मी करत) ओळ काढावी. १०,००० ओळींच्या फाइलमध्येही जास्तीत जास्त १४ तुलनांत उत्तर मिळते. गो भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतील पार्सरही टोकनची जागा एकाच पूर्णांकात ठेवतो आणि ओळींची यादी फाइलनिहाय वेगळी सांभाळतो.

काकांची फाइल विंडोजवरून येत असेल, तर ओळ छापताना शेवटचा कॅरेज रिटर्न (विंडोज ओळीच्या अखेरीस घालते ते जादा अदृश्य चिन्ह) छाटावा.

वाशीकर

ऑफसेटबद्दल सहमत आहे, मात्र कॉलमचा प्रश्न त्याने सुटत नाही. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे आपल्या ओळीत अर्धविरामाच्या आधी २९ बाइट आहेत आणि कॉलम ३० आला. कोड पॉइंट (युनिकोडने क्रमांक दिलेली सुटी चिन्हे) मोजले तर तोच कॉलम १६ होतो, कारण काना आणि मात्रा वेगळे मोजले जातात. डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजली तर १३. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, तेव्हा कॉलम कोण वाचणार आहे त्यावरून एकक ठरवावे. काकांसाठी १३ हेच उत्तर योग्य.

पुढे एडिटरला जोडायचे झाल्यास लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये (एडिटर आणि भाषेचे साधन यांच्यातील संवादाच्या नियमांत) ओळ आणि स्थान ० पासून मोजतात, आणि स्थान मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत असते, आवृत्ती ३.१७ पासून दुसरे एन्कोडिंग ठरवून घेता येते. तिथे देवनागरीचे चिन्ह एकच एकक घेते, म्हणून १५ हे उत्तर मिळून सारे सुरळीत भासेल. इमोजी मात्र सहसा किमान दोन एकके घेतो, तेव्हा चाचणीत एक इमोजी अवश्य ठेवावा.

बाणाचे म्हणाल तर १२ जागा सोडूनही तो नेमका बसेलच असे नाही, कारण देवनागरी अक्षरांची रुंदी फाँटनुसार बदलते. (टर्मिनल बनवणाऱ्यांनी जोडाक्षरे कधी टाइप करून पाहिली असतील, असे वाटत नाही.) त्यापेक्षा मूळ ओळ छापताना चुकीच्या टोकनभोवतीच कंस घालावेत.

घोडबंदरकर (ठाणे)

आभारी आहे, यादी करून पाहिली, ओळी आता बरोबर येतात. अवतरणचिन्ह मिटवायचे राहिले असेल, तर मात्र चूक नेहमी फाइलच्या शेवटच्या ओळीत दाखवली जाते. तेथे ऑफसेट कोणता द्यावा?

ऐरोलीकर

अवतरण जिथे उघडले तो. लेक्सरने अवतरणातील मजकूर वाचायला घेताच आरंभाचा ऑफसेट जपून ठेवावा आणि फाइल संपली की संदेशात तोच द्यावा. आपल्या सूत्रांत अवतरण एका ओळीपलीकडे जाणार नसेल, तर ओळ संपताच थांबून लगेच चूक नोंदवावी, म्हणजे पुढच्या ओळींतील चुकाही त्याच फेरीत सापडतील.