कागदावर मारायला .44 मॅग्नम घ्यावी की .357?

रावेरकर
राम राम मंडळी. मी मूळचा रावेर तालुक्यातला, घरी केळीची बाग, नोकरी टेक्सासमध्ये. ऑफिसमधल्या एकाबरोबर तीन-चारदा नेमबाजीच्या रेंजवर गेलो. छोट्या .22 वर बऱ्यापैकी जमलं (हे आकडे म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचात). मागच्या शनिवारी त्याने स्वतःची .44 मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाची रिव्हॉल्वर, हातात दिली. सहा गोळ्या मारल्या. पहिली कागदाच्या मधोमध लागली, पुढच्या चार खाली डावीकडे सरकत गेल्या आणि सहावी कागदालाच लागली नाही. तरी ती हातातून सोडवेना. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

शिकार करायची नाही, उशाशी ठेवायची नाही, स्पर्धाही नाही. महिन्यातून दोनदा 15-20 यार्डांवर शे-दीडशे गोळ्या कागदावर मारायच्या, एवढंच. पण मोठी रिव्हॉल्वरच हवी आहे. .44 घेऊ की .357? नळी चार इंची की सहा इंची? बाबांना फोनवर सांगितलं, तर चोपड्याकडे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या वाचणारा माणूस, दोन दिवस नीट बोलले नाहीत.

तापीकाठ
भाऊ, आधी सांग, व्हिसा कोणता? एच-1बी असेल तर थांब. तिथल्या केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं दोन्ही जवळ बाळगता येत नाहीत. चालू मुदतीचा शिकारीचा परवाना असला तर मात्र सूट मिळते. रेंजवर मित्राची हातात घेणंसुद्धा त्यातच येऊ शकतं. आपली बरीच पोरं हे माहीत नसताना जातात, म्हणून विचारलं.

रावेरकर
ग्रीन कार्ड आहे दादा. दोन वर्षं झाली.

अमळनेर ते डॅलस
काय भाऊ, बरं शे ना? सहा वर्षांपूर्वी मी तुझ्याच जागी होतो आणि मी .44 घेतली. चार महिन्यांत माझी नेमबाजी बिघडली. .22 वरसुद्धा बिघडली, याचं जास्त वाईट वाटलं.

जळगावच्या सराफाचा हिशोब लाव. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, जुना तोळा 180 ग्रेनचा. .44 मॅग्नमची नेहमीची गोळी 240 ग्रेन, म्हणजे एक तोळा आणि वर तिसरा हिस्सा, सेकंदाला 400 मीटरच्या आसपास वेगाने निघते. त्याचा धक्का तळहाताने सोसायचा. .38 स्पेशल या हलक्या काडतुसाची गोळी 158 ग्रेन, पाऊण तोळ्याच्या थोडी वर, आणि वेग सेकंदाला 230 मीटरच्या आसपास. मनगटाला हा फरक लगेच कळतो.

रेंजवरच्या एका म्हाताऱ्या उस्तादाने माझी चूक पकडली. मला न सांगता त्याने फिरत्या सिलिंडरमध्ये चार काडतुसं आणि दोन रिकाम्या पुंगळ्या (मारून झालेल्या काडतुसांची पितळी नळकांडी) भरल्या. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला. आवाज नाही, धक्का नाही, आणि नळी मात्र माझ्याच हाताने दोन बोटं खाली दाबलेली! धक्का येणार म्हणून हात आधीच दाबत होता. उजव्या हाताने मारत असशील तर तुझ्या त्या गोळ्या खाली डावीकडे गेल्या त्याही बहुतेक यामुळेच. मित्राला सांगून हा प्रयोग कर.

तेव्हा .357 घे. सहा इंची नळी, पूर्ण स्टीलची, सव्वा किलोच्या आसपास वजनाची. स्मिथ अँड वेसनची 686 किंवा रुगरची जीपी100, दोन्ही हातात धरून बघ आणि ज्या मुठीवर बोटं नीट बसतील ती घे. कमरेला लावायची असती तर चार इंची म्हटलं असतं. तुला कागदावर मारायचं आहे. सहा इंचीत पुढची आणि मागची साइट (नेम धरायच्या खुणा) एकमेकींपासून लांब पडतात, त्यामुळे नेमातली चूक लवकर दिसते. सगळ्यात मोठी सोय म्हणजे तिच्यात .38 स्पेशल चालतं. 1935 साली .357 मॅग्नम आलं ते .38 चीच पुंगळी लांब करून. म्हणून .38 मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये बसतं, पण मॅग्नम .38 च्या रिव्हॉल्वरमध्ये बसत नाही. शंभर .38 मारायच्या आणि शेवटी हौस म्हणून सहा मॅग्नम. .44 चाच हट्ट असेल तर तिच्यात .44 स्पेशल मार, तेही तसंच चालतं, पण पाकिटाला पैसे जास्त मोज.

आणि डावा हात सिलिंडरच्या पुढे नेऊ नकोस. सिलिंडर आणि नळीमध्ये बारीक फट असते, तिथून बाजूला गरम वायू आणि शिशाचे कण सुटतात. रायफलवर शिकलेला हात सवयीने नळीखाली जातो. कानात फोमचे बोळे, वरून मफ (कान झाकणाऱ्या वाट्या), दोन्ही. मॅग्नमला एकाने भागत नाही.

वरणगावचे आप्पा
मी वरणगाव ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त. आमच्याकडे काम रायफलच्या काडतुसांचं, रिव्हॉल्वरचं नाही. पण पितळ ते पितळ, म्हणून एक सांगतो. .38 ची पुंगळी .357 पेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर आखूड. शे-दीडशे .38 मारल्या की चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) तिच्या तोंडापुढे काजळीचं कडं धरतं. मग लांब मॅग्नम आत अडकत जाते, नाहीतर रिकामी पुंगळी बाहेर निघत नाही. ठोकून बसवू नका. ब्रशला तेल लावून सहाही चेंबर घासा, मगच मॅग्नम भरा.

धुळ्याहून नेमबाज
मधेच विचारतो, इकडे काय मिळेल? मलाही नुसतं कागदावरच मारायचं आहे.

वरणगावचे आप्पा
बाळा, .38 ची रिव्हॉल्वर आणि 9 एमएम इकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे साध्या माणसाला न मिळणारी मापं. साध्या परवान्यावर लोक .32 घेतात, आणि शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच शस्त्रं. नुसत्या कागदासाठी एवढ्या खटाटोपात पडू नकोस. .177 ची एअर पिस्तूल घे, 20 जूलच्या आतल्याला परवाना लागत नाही. दहा मीटरवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्म्या रुंदीचं. एका हाताने तिथे लावून दाखव.

रावेरकर
शनिवारी जाऊन आलो. सहा इंची 686 भाड्याने घेतली, पन्नास .38 मारल्या. मित्राने मधे दोन रिकाम्या पुंगळ्या घातल्या, दोन्ही वेळा नळी खाली गेली. तिसऱ्या खेपेला सावकाश चाप ओढला तेव्हा 15 यार्डांवर सहापैकी पाच तळहाताएवढ्या जागेत बसल्या. सहावी खाली डावीकडे. त्या कागदाचा फोटो बाबांना पाठवलाय.