वॉशिंग मशीनचा कपड्यांचा आणि पाण्याचा अंदाज चुकतो आहे. बोर्ड बदलण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. आमच्याकडे वरून कपडे घालण्याचे, साडेसहा किलोचे, पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीन आहे. त्याला सात वर्षे झाली. ते मागील पडवीत असते आणि त्याच्या सांडपाण्याचा पाइप आम्ही माडाच्या आळ्यात सोडलेला आहे. पाऊस सुरू झाल्यापासून त्याच्या दोन तक्रारी आहेत. सुरू केल्यावर ते कपडे दोन्ही बाजूंना थोडे फिरवून किती पाणी घ्यायचे हे ठरवते. पण हल्ली चार शर्ट घातले तरी सर्वांत वरची पातळी दाखवते. दुसरे असे की, एखाद्या दिवशी ठरलेल्या पातळीवर पाणी थांबतच नाही. परवा ते टबाच्या कडेपर्यंत आले, तेव्हा मी धावत जाऊन नळ बंद केला. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी मशीन न उघडताच बोर्ड गेल्याचे सांगितले. धुणे आणि पिळणे अगदी व्यवस्थित होत असताना बोर्डच बिघडला असेल हे मनाला पटत नाही. चतुर्थीच्या तोंडावर एवढा खर्च करण्यापूर्वी आम्ही घरी काय तपासू शकतो?

उत्तर १ (म्हापसा)

ताई, या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी असू शकतात, म्हणून त्या एकत्र धरू नका.

कपड्यांचे वजन मशीन पाणी घेण्यापूर्वी ठरवते. त्यासाठी तराजू नसतो; तळाची चकती फिरवताना मोटरीला किती जोर लागला आणि वीज तोडल्यावर ती किती लवकर थांबली, यावरून हा अंदाज बांधला जातो. कपडे आधीच ओले असतील, तर चार शर्टही जड भासतात. पावसात भिजून आलेले किंवा बादलीत भिजवून ठेवलेले कपडे तुम्ही थेट मशीनमध्ये घालता का? तसे असेल, तर एकदा कोरडे कपडे घालून पाहा आणि ओल्या कपड्यांसाठी पातळी हाताने निवडा.

पाणी न थांबण्याचे प्रकरण निराळे आहे. पाणी भरत असताना मशीनचा प्लग काढा. तरीही पाणी येतच राहिले, तर पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह अडकलेला आहे आणि सेन्सरचा त्यात काही दोष नाही. पाणी लगेच थांबले, तर पातळी मोजणाऱ्या सेन्सरकडे वळा. टबाच्या तळाशी एक लहान हवेची कोठी असते आणि तिथून एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. टबातील पाणी जसे चढते तशी नळीतील हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून सेन्सर पातळी ओळखतो. नळीला बारीक चीर असेल, तर हवा निसटते, पाणी कमीच आहे असा मशीनचा समज होतो आणि ते भरतच राहते. उलट, नळीचे खालचे तोंड साबणाच्या गाळाने बुजले, तर हवा आतच अडकते आणि टब रिकामा असूनही पाणी आहे असे मशीनला वाटते.

माझ्या अनुभवात सेन्सर स्वतः क्वचितच बिघडतो. बहुतेक वेळा दोष या नळीचाच निघतो. प्लग काढून आणि नळ बंद करून मागचे स्क्रू सोडवा. सेन्सर म्हणजे वरच्या बाजूला असलेली चपटी गोल डबी. तिच्यावरची नळी हलक्या हाताने काढा आणि टब रिकामा असताना नळीत हळू फुंका. हवा सहज गेली पाहिजे. सेन्सरच्या तोंडात मात्र कधीही फुंकू नका, आतला नाजूक पडदा फाटतो. पडवीची फरशी ओली असेल, तर हे काम करूच नका.

उत्तर २ (वास्को)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी सेन्सरचा वायरजोडही पाहावा. आमच्या मशीनमध्ये त्याच्या पिनांवर हिरवट थर चढला होता आणि हवा दमट असेल त्याच दिवशी पातळी चुकत असे. प्लग काढलेला असताना जोड सोडवून, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून, पूर्ण वाळल्यावर पुन्हा बसवला. बोर्डाला मात्र हात लावू नये. प्लग काढल्यानंतरही त्यावरील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज राहते.

उत्तर ३ (डिचोली)

आळ्यात सोडलेल्या पाइपाचे टोक पाणी भरत असताना पाहा. तिथून धार किंवा थेंब पडत असतील, तर भरलेले पाणी आपोआप निघून जात आहे. पंपाने पाणी उपसणाऱ्या मशीनचा पाइप पुस्तिकेत दिलेल्या उंचीवरच अडकवावा लागतो, नाहीतर पाणी ओढले जाते. व्हॉल्व्हने पाणी सोडणाऱ्या मशीनमध्ये व्हॉल्व्हपाशी बटण किंवा धागा अडकलेला असतो. विहिरीचे पाणी वापरत असाल, तर नळजोडातील जाळीही धुवा. आमच्याकडे लोहाच्या तांबूस गाळाने ती भरते.

प्रश्नकर्तीकडून (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. प्लग काढताच पाणी थांबले आणि आळ्यातील टोकही कोरडे होते. यजमानांनी मागची बाजू उघडली, तेव्हा नळी सेन्सरवर बसते तिथेच ती कडक होऊन उभी चिरलेली दिसली; नखाने दाबल्याशिवाय चीर उघडत नव्हती. तेवढा अर्ध्या इंचाचा तुकडा कापून नळी पुन्हा घट्ट बसवली. नंतर तीन वेळा कपडे धुतले आणि तिन्ही वेळा पाणी ठरलेल्या पातळीवर थांबले. कोरडे चार शर्ट घातले, तेव्हा मशीनने खालची पातळी दाखवली. मी पावसात भिजलेले कपडे तसेच आत टाकत होते. उरलेली नळीही जुनीच असल्यामुळे नवीन नळी मागवली आहे.