जवसाची चटणी आईच्या पांढऱ्या पेशींपर्यंत पोचते का?

शाहूपुरीकर:
आईला आमवात, वय 61. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. मावशीनं डोक्यात भरवलंय की जवसात ओमेगा-3 असतं, सूज उतरते. दोन महिने झाले, भाकरीबरोबर रोज चटणी. माझा प्रश्न साधा आहे: खाल्लेलं फॅटी ॲसिड पांढऱ्या पेशीतल्या एन्झाइमला कळतं कसं?

निवृत्त_मास्तर:
त्याला कळत काही नाही, पुढ्यात येईल ते घेतं. आपल्याकडचं गुऱ्हाळ आठवा. चरक तोच, ऊस बदलला की गूळ बदलतो.

पेशीचं आवरणच मुळी स्निग्ध. आपण जे खातो ते काही आठवड्यांत तिथं जाऊन बसतं. पेशी खवळली की फॉस्फोलायपेज ए2 हे एन्झाइम आवरणातून ॲराकिडोनिक ॲसिड हे फॅटी ॲसिड तोडून काढतं. पुढं दोन वाटा. सायक्लोऑक्सिजनेज या एन्झाइमकडं गेलं तर प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे सूज-दुखणं वाढवणारं रसायन (ॲस्पिरिन अडवतं ते हेच एन्झाइम). 5-लायपॉक्सिजनेजकडं गेलं तर ल्युकोट्राईन बी4, म्हणजे आणखी पांढऱ्या पेशींना आवतण. नावातलं 'ल्युको' पांढऱ्या पेशींवरूनच आलंय. स्वीडनचे शास्त्रज्ञ सॅम्युएलसन यांनी 1979 मध्ये ते ठेवलं, 1982 ला नोबेलही मिळालं.

मासळीतलं ईपीए हे ओमेगा-3 ॲराकिडोनिकसारखंच 20 कार्बनचं, फक्त दुहेरी बंध चाराऐवजी पाच. ते त्याच एन्झाइमात जागा अडवतं आणि बी4 ऐवजी बी5 निघतं. त्याची हाक फारच क्षीण.

आता जवस. त्यातलं ॲसिड 18 कार्बनचं. त्याचं ईपीए शरीरालाच करावं लागतं आणि होतं ते अगदी थोडं. त्यातून त्या कामाचं पहिलं एन्झाइम शेंगतेलातल्या लिनोलेइक ॲसिडलाही हवं असतं. घरात तेल कुठलं, किती? ते तुम्ही लिहिलंच नाही.

शाहूपुरीकर:
घाण्याचं शेंगतेल. कटाला तर्री पाहिजेच, त्यामुळं किती ते विचारू नका सर! मग बांगडा सुरू करू?

रंकाळ्याचा_वारा:
बांगडा चांगलाच, तारलीही. पण तळू नका, कालवण करा. नाहीतर परत तेलच.

शाहूपुरीकर:
घोडं इथंच अडलं. आईच्या गळ्यात माळ आहे.

निवृत्त_मास्तर:
मग शेवाळाच्या तेलाच्या कॅप्सूल बघा. मासळीतही ईपीए शेवाळातूनच येतं. बऱ्याच बाटल्यांत नुसतं डीएचए हे दुसरं ओमेगा-3 असतं, तेव्हा ईपीए लिहिलंय का ते वाचून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि आमवाताच्या गोळ्या अजिबात सोडू नका. चटणी राहू दे, पण जवस दळलेला हवा. अख्खा दाणा बराचसा तसाच बाहेर पडतो.