मदत हवी आहे: सोसायटीची कामं नेहमी त्याच चौघांवर

आमच्या गृहनिर्माण सहकारी संस्थेत जिने झाडणं, हिशेब, प्लंबरच्या मागे लागणं, सगळं सभासदांनीच वाटून घ्यायचं ठरलंय. प्रत्यक्षात तेच तीन-चार जण राबतात. टाकी भरून वाहायला लागली की फोन त्यांनाच! मत मात्र प्रत्येकाला एकच, शेअर कितीही असोत. सहकारात तेच योग्य.

काम न करणाऱ्यांकडून पैसे घ्यावेत, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही, कारण मग ज्याच्याकडे पैसा तो सुटतो. शिवाय आजारी, वयस्कर किंवा तान्हं बाळ असलेल्यांचं काय? त्यांना हिशेब लिहिण्यासारखी बसून करायची कामं द्यावीत का?

तुमच्याकडे आळीपाळीचा तक्ता टिकतो का? आणि कोणी काम चुकवलं तर त्याच्याशी बोलायला कोण जातं? कृपया अनुभव सांगा.